एक किलोमीटरची अट आणि लेकीची पहिली

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के मोफत जागांतून नाव घालायचं तर काय काय करावं लागतं, हे आमच्या चाळीतल्या बायका मला दरवर्षी विचारतात. कागदांची यादी मी तोंडपाठ सांगते. पण 2024 साली माझ्या लेकीच्या वेळी जे झालं ते नुसत्या कागदांच्या यादीत बसत नाही. त्या वर्षी सरकारने मधेच नियम बदलला, न्यायालयाने तो आधी थांबवला आणि नंतर रद्द केला. फेब्रुवारीपासून जुलै संपेपर्यंत आमच्यासारख्या हजारो घरांत मुलांची पहिली कुठे होणार याचा पत्ता नव्हता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चाकणजवळच्या एका गावात भाड्याने राहतो. मूळचे सांगोला तालुक्यातले. मिस्टर कंपनीच्या मालाचा टेम्पो चालवतात, मी एका कारखान्यात पॅकिंगला जाते, ठेकेदाराच्या हजेरीवर. आमचं दोघांचंही शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं आणि त्याबद्दल मला काडीची तक्रार नाही. माझ्या बाईंनी पाढे असे घोटून घेतले की आजही खोक्यांचा हिशेब मी कागदाशिवाय करते. मग लेकीला इंग्रजी शाळेत का घालायचं होतं? याची कारणं साधी आहेत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. पुढे चाकणला जायचं तर हमरस्त्यावरून, त्या कंटेनरच्या रांगांमधून. शिवाय कारखान्यात सुपरवायझर आणि आम्ही यांच्यातलं अंतर मी रोज बघते, आणि ते बरंचसं इंग्रजीचं अंतर आहे. माझं हे म्हणणं कुणाला पटेल, कुणाला नाही. पण हे ठरवायचा हक्क आम्हाला असावा एवढीच माझी अपेक्षा होती, आणि कायद्याने तो दिलेलाही होता.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यातल्या कलम 12 मध्ये लिहिलं आहे की विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या आसपासच्या मुलांना द्यायच्या, आठवीपर्यंत मोफत शिकवायचं आणि त्याचा खर्च सरकारने शाळेला भरून द्यायचा. संस्थाचालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. 2012 मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र यातून बाहेर आहेत. हे सगळं मला आधीपासून ठाऊक नव्हतं. 2024 च्या उन्हाळ्यात एकेक गोष्ट शोधावी लागली तेव्हा कळत गेलं.

कागदांची तयारी आम्ही दिवाळीनंतर लगेच सुरू केली होती. भाड्याने राहणाऱ्या माणसाला सर्वांत जड जातो तो राहण्याचा पुरावा. आधार कार्डावर सांगोल्याचा पत्ता, रेशनकार्ड गावाकडचं, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. मग उरतो भाडेकरार, आणि तो नोंदणीकृतच लागतो. नोटरीचा शिक्का मारलेला स्टँप पेपर चालत नाही. घरमालक काका नोंदणीला तयार होईनात. त्यांचंही कारण होतं, करार नोंदवला की भाडं कागदावर येतं. शेवटी नोंदणीचा खर्च आम्ही करायचा आणि मुदत अकरा महिन्यांचीच ठेवायची, यावर ते राजी झाले. करार अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा असावा लागतो, नंतर करून आणलेला धरत नाहीत. दरवर्षी याच एका कागदापायी कितीतरी लेकरं अर्जाआधीच गळतात, आणि ती सगळी स्थलांतरितांचीच असतात. ज्यांच्यासाठी हा कायदा केला त्यांच्याकडेच नेमका हा पुरावा नसतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी कधीतरी करायला हवा.

जातीचा दाखला मिस्टरांचा होता, भटक्या जमाती (क) चा. त्यामुळे आमचा अर्ज वंचित घटकात बसला आणि उत्पन्नाचा दाखला लागला नाही. शेजारच्या ताई खुल्या प्रवर्गातल्या, त्यांचा अर्ज दुर्बल घटकात बसणार होता. त्यांना वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला हवा होता. एक लाख म्हणजे महिन्याला साडेआठ हजारसुद्धा नाहीत. चाकणला दोन माणसं हजेरीवर कामाला जाणाऱ्या घराचं उत्पन्न एवढं कमी कसं असेल? खरं उत्पन्न सांगितलं तर हक्क जातो आणि हक्क हवा तर खोटा दाखला काढावा लागतो. ताईंनी खोटा दाखला काढला नाही, अर्जच केला नाही. उलट वंचित घटकाला उत्पन्नाची अटच नाही, त्यामुळे आमच्या समाजातले बंगलेवाले, गाडीवालेही याच रांगेत उभे राहतात आणि ताईंसारखी माणसं बाहेर राहतात. मला हे बरोबर वाटत नाही. मर्यादा एक लाखाहून चांगली वर न्यावी आणि ती सगळ्यांना सारखी लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. यात माझा अर्ज बाद झाला असता तरी मी हेच म्हणाले असते.

कागद तयार झाले, पण अर्ज सुरू होईनात. आदल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला सोडतसुद्धा झाली होती. या वर्षी मार्च संपला तरी पोर्टल बंद. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या मुलाने मला पहिल्यांदा सांगितलं, "ताई, नियम बदललाय."

9 फेब्रुवारी 2024 ला राजपत्रात दुरुस्ती प्रसिद्ध झाली होती. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून वगळायचं. गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा असते आणि शहरात महापालिकेची. एक किलोमीटरच्या आत एकही सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशी खासगी शाळा शोधून तरी सापडेल का? म्हणजे कायदा तसाच राहिला आणि त्यातली आमच्या कामाची ओळ पुसली गेली.

16 एप्रिलला नोंदणी सुरू झाली. पोर्टलवर घराची जागा नकाशावर लाल फुग्याने दाखवावी लागते. त्या फुग्यापासून शाळेचं अंतर मोजलं जातं, म्हणून तो आपल्या छपरावर नीट बसवायचा असतो. मी तो बसवला आणि शाळांची यादी उघडली. यादीत पहिली आली आमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. खाली शेजारच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्याच शाळा आणि एक-दोन अनुदानित मराठी शाळा. घराच्या खिडकीतून दिसणारी इंग्रजी शाळा यादीत नव्हती.

मला तेव्हा एक गोष्ट कळेचना आणि अजूनही तिचं उत्तर कुणी दिलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश सगळ्यांना खुला आहे, फी नाही, लॉटरी नाही. जूनमध्ये लेकराचा हात धरून जायचं आणि नाव घालून यायचं. त्या शाळेसाठी आम्ही भाडेकराराची नोंदणी करून, जातीचा दाखला काढून, ऑनलाइन अर्ज करून सोडतीत नंबर लागायची वाट का बघायची? राज्यभरात 76 हजारांच्या घरात शाळा आणि साडेआठ लाखांहून जास्त जागा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याआधी जागा एक लाखाच्या आसपास असत. वाचणाऱ्याला वाटावं केवढी सोय झाली. पण त्या वाढलेल्या जागा बहुतेक आधीच मोफत असलेल्या शाळांमधल्याच होत्या. लोकांना हे बरोबर कळलं. एवढ्या जागांसाठी त्या फेरीत सत्तर हजारांच्या आसपासच अर्ज आले. मी अर्ज भरला, कारण न भरता राहिलो आणि पुढे काही झालं तर आपलं नाव नोंदलेलं असावं, असं मिस्टरांचं म्हणणं पडलं.

सरकारची बाजू मी नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्यात तथ्य मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. खासगी शाळांना द्यायच्या प्रतिपूर्तीचा दर एका मुलामागे वर्षाला 17,670 रुपये होता, करोनाच्या काळात तो 8,000 वर आणला होता. तेही पैसे वेळेवर जात नव्हते, शाळांची शेकडो कोटींची थकबाकी साचली होती आणि संस्थाचालकांच्या संघटना दरवर्षी प्रवेश थांबवण्याचा इशारा देत होत्या. दुसरीकडे सरकारी शाळांचा पट अनेक ठिकाणी घसरत होता. आपल्याच शाळा ओस पडत असताना आपणच पैसे देऊन मुलं खासगीत का पाठवायची, असा हा विचार. कर्नाटकाने काही वर्षं आधी असाच नियम केला होता आणि तिथे पंचवीस टक्क्यांतले प्रवेश एकदम खाली आले. आपल्या सरकारने तोच रस्ता धरला.

पण पट का घसरतो, हा प्रश्न या दुरुस्तीत कुठेच नव्हता. आणि आमच्या गावात तर पट घसरलेला नव्हताच. चाकणच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून माणसं आली आहेत, मराठवाड्यातून तर गावंच्या गावं आली आहेत. त्यांची सगळी लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत. घरी भोजपुरी बोलणारी मुलं तिथे मराठीत कविता म्हणतात. शाळेत मुलं आहेत, मात्र बसायला पुरेसे वर्ग नाहीत आणि शिकवायला पुरेसे शिक्षक नाहीत. सरकारच्या हिशेबात ही शाळासुद्धा 'उपलब्ध' होती.

6 मे 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीला अंतरिम स्थगिती दिली. काही पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या होत्या. ती बातमी मला कारखान्याच्या बसमध्ये कळली आणि मी शेजारच्या बाईला गदागदा हलवून ती सांगितली. आम्ही सगळ्याजणींनी आपापल्या घरी फोन केले. तोपर्यंत सरकार आणि कोर्ट या गोष्टी आमच्या बसमध्ये कधी निघत नव्हत्या.

मग पहिले अर्ज रद्द धरून मेच्या मध्यापासून नव्याने नोंदणी सुरू झाली. जुने अर्ज केलेल्यांनाही पुन्हा अर्ज करायला लागले. लोकसभा निवडणुकीचे दिवस होते, आमच्या शिरूर मतदारसंघात 13 मेला मतदान झालं. शाळेतले गुरुजी, बाई सगळे निवडणुकीच्या कामावर, त्यामुळे विचारायला माणूस नाही. फॉर्मच्या दुकानात रांग. सर्व्हर इतका मंद की फोटो चढवता चढवता वीज जायची. पण या वेळी यादी उघडली तेव्हा खिडकीतली ती शाळा यादीत होती. तेव्हा दहा शाळा निवडता येत होत्या. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी मिळायची, मग एक ते तीन किलोमीटर, मग त्यापुढचे. दुकानातला मुलगा म्हणाला, लांबच्या नामांकित शाळाही टाका. मी नाही टाकल्या. लांबच्या शाळेला नंबर लागला तर बसचं भाडं आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि मिळालेली जागा सोडली तर पुन्हा संधी नाही. जवळच्याच तीन शाळा टाकल्या. जे आज अर्ज भरतात त्यांनाही मी हेच सांगते, सगळे रकाने भरायची काही सक्ती नाही, पायी किंवा सायकलवर नेता येईल एवढ्याच शाळा टाका.

7 जूनला सोडत निघाली, पण निकाल जाहीर झाला नाही. न्यायालयात सुनावणी चालू होती. 9 फेब्रुवारीनंतर स्थगिती येईपर्यंत काही खासगी शाळांनी या पंचवीस टक्के जागा फी भरणाऱ्या मुलांनी भरून टाकल्या होत्या, आणि त्या मुलांचं काय करायचं हा गुंता झाला होता. म्हणजे सोडतीत कुणाचा नंबर लागला हे यंत्रात बंद होतं आणि राज्यातले दोन लाख चाळीस हजारांहून जास्त अर्जदार मोबाइलकडे बघत बसले होते. जागा एक लाख पाच हजारांच्या आसपास.

15 जूनला शाळा उघडल्या. लेक सहा वर्षांची झालेली, तिला घरी किती बसवायची? आम्ही तिला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसवली.

या दीड महिन्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे. पहिलीला एक शिक्षणसेविका होती, अगदी तरुण, नव्याने लागलेली. 2024 च्या सुरुवातीला पवित्र पोर्टलवरून राज्यात जी शिक्षकभरती झाली, अकरा हजारांवर उमेदवारांची शिफारस झाली, त्यातून ती आली होती. परीक्षा देऊन, कित्येक वर्षं भरतीची वाट बघून लागलेली मुलगी. मानधन महिन्याला 16 हजार. तेही 2023 पासून, त्याआधी 6 हजार होतं. माझ्या मिस्टरांच्या टेम्पोच्या पगारापेक्षा शिक्षिकेचं मानधन कमी, हे ऐकून मला बोलवेना. तिच्या वर्गात पहिली आणि दुसरी एकत्र बसायची, कारण दुसरीच्या शिक्षकांची बदली झाली होती आणि जागेवर कुणी आलं नव्हतं. एका बाजूला ती मुळाक्षरं घ्यायची, दुसऱ्या बाजूला वजाबाकी. मधेच माहिती मागवणारा फोन यायचा, तो भरून द्यायचा. तरीही लेक दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन काडेपेटीच्या काड्यांनी दशक-एकक मांडायला लागली. चिंचोक्यांची बेरीज करायची. पहिलीत पाऊल टाकलेली पोर मला विचारते, "आई, तुझ्या कंपनीत एका खोक्यात किती बसतात?" आणि दोन खोक्यांचं उत्तर स्वतः सांगते.

त्या बाईंना मी एकदा विचारलं, तुम्हाला आणखी एक शिक्षक मिळाला तर काय होईल? त्या म्हणाल्या, "ताई, तर मग तुम्हाला लॉटरीत नाव टाकावंसं वाटणार नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला ते बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. सरकारला आपल्या शाळेत मुलं हवी होती ना, तर ती आणायचा हा एकच सरळ मार्ग होता. जागेवर शिक्षक द्यायचे, एका वर्गाला एक खोली द्यायची, त्या माणसांना माहिती भरायच्या कामातून सोडवायचं. पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथे प्रवेशासाठी लांबून पालक येत, प्रतीक्षायादी लागत असे. ते करायला कुणाला खासगी शाळेचं दार बंद करावं लागलं नव्हतं. गावाने आणि शिक्षकांनी मिळून शाळा उभी केली, लोक आपणहून आले.

19 जुलैला निकाल आला. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालच्या खंडपीठाने 9 फेब्रुवारीची दुरुस्ती रद्द केली. मूळ कायद्यात पंचवीस टक्क्यांची जबाबदारी खासगी विनाअनुदानित शाळांवर आहे. जवळ सरकारी शाळा असली तर ही जबाबदारी संपते, असं कायद्यात कुठेही नाही. आणि कायद्याने दिलेली गोष्ट सरकार नियम करून काढून घेऊ शकत नाही. मधल्या काळात झालेले दुसऱ्या मुलांचे प्रवेश मोडू नयेत, पण पंचवीस टक्के जागा भरल्याच पाहिजेत, असंही न्यायालयाने सांगितलं. हे मला फार आवडलं. ज्या लेकरांनी फी भरून प्रवेश घेतला होता त्यांचा यात काय दोष होता?

दुसऱ्या दिवशी, 20 जुलैला, निवड यादी लागली. राज्यात 93 हजारांहून जास्त मुलांची नावं त्यात होती आणि माझ्या लेकीचं नाव होतं. खिडकीतलीच शाळा.

निवड झाली म्हणजे प्रवेश झाला असं नसतं. पोर्टलवरून प्रवेशपत्र काढायचं, हमीपत्र भरायचं, सगळे मूळ कागद घेऊन पडताळणी समितीकडे जायचं. आमचा तालुका खेड, म्हणून राजगुरुनगरला पंचायत समितीत. मेसेज येईल म्हणून थांबायचं नसतं. किती जणांचा मेसेज आलाच नाही, कारण अर्जात दुकानदाराचा नंबर दिलेला होता. स्वतःचा अर्ज क्रमांक टाकून रोज बघायचं. समितीतल्या मॅडमनी भाडेकरार हातात घेतला, नोंदणीची तारीख बघितली, नकाशावरचं अंतर बघितलं, जन्मदाखला बघितला आणि सही केली. आमच्या मागच्या माणसाचा जातीचा दाखला परराज्यातला होता. तो इथे चालत नाही. त्याने तीन किलोमीटर चालत आलो म्हणून सांगितलं, मुलगा खांद्यावर झोपलेला. मॅडमच्या हातात काही नव्हतं, त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

शाळेत गेलो तेव्हा फी मागितली नाही. पण पुस्तकं, वह्या, दोन प्रकारचे गणवेश, बूट, कसल्या तरी उपक्रमाचा खर्च, असं सगळं मिळून एक चिठ्ठी हातात दिली. शाळेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण दरवर्षी बहुतेक शाळांत हेच होतं आणि दरवर्षी यावरून वाद होतात. कायद्यात 'मोफत' या शब्दाचा अर्थ असा सांगितला आहे की ज्या खर्चामुळे मुलाचं शिक्षण अडेल असा कुठलाही खर्च घ्यायचा नाही. मी ते छापील पान बरोबर घेऊन गेले होते. मुख्याध्यापिका बाईंशी शांतपणे बोलले. पुस्तकं शाळेच्या वाचनालयातून मिळाली, गणवेश आम्ही घेतला. उपक्रमाचे पैसे मी दिले नाहीत आणि त्यावरून लेकीला कुणी काही बोललं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. तिच्या बाकावर तिच्या शेजारी कोण बसतं हेही मी पहिल्या दिवशी बघून आले. फी भरणाऱ्या घरची मुलगी होती. वेगळं बसवलेलं नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला काढायला गेले तो दिवस अवघड गेला. त्या शिक्षणसेविका बाईंनी लेकीची वही मला दिली, दशक-एककाची पानं उघडून दाखवली आणि म्हणाल्या, इथवर आलं आहे, नवीन शाळेत सांगा, नाहीतर तिला पुन्हा पहिल्यापासून गिरवत बसवतील. मी वही नव्या वर्गशिक्षिकेला दाखवली. त्यांनी ती नीट बघितली. लेकीला इंग्रजी काही कळत नव्हतं, पण गणितात ती सगळ्यांच्या पुढे होती. त्या एका विषयाच्या बळावर ती तिथे पहिले तीन महिने टिकली, नाहीतर रोज रडली असती. सरकारी शाळेतलं शिक्षण खालच्या दर्जाचं असतं असं जे बोलतात त्यांना मी ही गोष्ट सांगते.

आठवीपर्यंत आमची सोय झाली. नववीपासून पूर्ण फी, आणि ती फी आम्हाला झेपेल असं आज तरी दिसत नाही. तेव्हा मधेच शाळा बदलावी लागणार का, हा विचार माझ्या डोक्यात असतो. पंचवीस टक्क्यांतून आत गेलेली मुलं दहावीपर्यंत तिथेच राहावीत यासाठी काही करायला हवं, हे बोलायला मला अजून कुणी नेता भेटलेला नाही.

धाकटा आता अंगणवाडीत आहे. त्याचा अर्जही मी भरणार आहे, पण मला त्याला जिल्हा परिषदेच्या शाळेतच घालावंसं वाटतं, फक्त तिथे दुसरीला शिक्षक यायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आम्ही काही आयांनी हा विषय काढला. गावात मुलं वाढली आहेत, पटाच्या नियमाने पदं वाढायला हवीत, मग ती का भरली जात नाहीत, एवढाच आमचा प्रश्न. समितीने ठराव केला, आम्ही सह्यांचं निवेदन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलं आणि पोच घेतली. पुढच्या भरतीत बघू, असं उत्तर आलं आहे. पुन्हा जाणार आहोत.

आणि चाळीतल्या ज्या कुणाला अर्ज भरायचा आहे त्यांच्यासाठी, भाडेकरार डिसेंबरच्या आत नोंदवून ठेवा. 2025-26 च्या प्रवेशाची नोंदणी जानेवारीतच सुरू झाली आणि 10 फेब्रुवारीला सोडत निघालीसुद्धा. मार्चमध्ये बघू म्हणून बसलेल्या दोन घरांची मुलं त्यामुळे राहून गेली. अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर द्या, लाल फुगा नीट छपरावर ठेवा, प्रिंट काढून ठेवा. काही अडलं तर रविवारी मी घरी असते.